अपडेट दाबू नका, काकू

मंडळी, आज माझ्या हातून एक घोळ झालाय.

आमच्या ॲपमध्ये लोक आवाज साठवतात. ॲप बिघडलेला साठा आपोआप दुरुस्त करताना पुसलेली रेकॉर्डिंगंही परत यायची. तो बग मी आज काढला आणि सगळ्यांना नोटिफिकेशन धाडलं, ‘अपडेट करा, पुसलेलं पुसलेलंच राहील.’

दुपारी उंद्री गावच्या एका काकूंचा फोन आला.

"भाऊ, माह्या गेलेल्या पोराचा आवाज चुकून पुसला गेलता. काल आपोआप परत आला. ‘माय, जेवली काय?’ म्हणते. अपडेट दाबलं तर जाईन का तो?"

"हाव काकू. दाबू नका."

"पण तुमचा मेसेज घडीघडी येऊन राह्यला ना!"

तो बंद करायची सोय मीच ठेवली नाही.

तो आवाज दुसरीकडे उतरवून द्यायला आत्ता उंद्रीच्या एसटीत बसलोय. काकू फोन उचलत नाहीत. त्यांचं बोट चुकून लागलं असेल, तर ते पोरगं दुसऱ्यांदा कुणामुळे गेलं म्हणायचं?