विधवेच्या हातची आरती

आमच्या चर्चमध्ये समई लागली तेव्हा सर्वांत मोठ्यानं ओरडले ती मी. रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमधून जाऊन मराठीत आली, पाठमोरे उभे राहणारे फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले, इथवर मी चालवून घेतलं. पण मग नवे फादर आले. त्यांनी बाकं बाहेर काढून चटया घातल्या, मृदंग आणला आणि भाकर-द्राक्षारसाच्या अर्पणाच्या वेळी वेदीला आरती ओवाळायची रीत सुरू केली. लॅटिनचं अक्षर मला कळत नव्हतं, पण त्या न कळण्याचा एक दरारा होता. तो गेला म्हणून मी देवावरच रागावले होते.

मोठ्या जावेला म्हटलं, "उद्या हा पाद्री आपल्याला फुगडी घालायला लावील."

ती म्हणाली, "तू कशाला जीव जाळतेस गो? ओवाळायला काय तुला बोलावनार हाय?"

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती झालो तरी रीती जुन्याच राहिल्या. आरतीला सवाष्णच लागे. माझा नवरा साप चावून गेला त्याला सहा वर्षं झाली होती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे माझा एकुलता एक मुलगा कामाला होता. त्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं. सोमवारी हळद, आणि त्याला हळद लावणार होती जाऊ. मी मांडवाबाहेर चुलीपाशी. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे.

रविवारी आरतीची पाळी जावेची होती. ती घरी हळद कुटत बसली आणि तिला उशीर झाला. अर्पणाची वेळ आली, फादरांनी पेटत्या वातीचं तबक उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्यापुढे धरलं. गुडघा दुखतो म्हणून मी पुढे खांबाला टेकून बसले होते.

मी भर मिस्सेत बोलले, "फादर, मी विधवा हाय."

मृदंग थांबला.

"ठाऊक आहे," फादर म्हणाले. "लवकर धरा, वात विझेल."

मी उठले आणि ओवाळलं. तेव्हा मनात भक्ती वगैरे काही नव्हती; तेल सांडू नये एवढाच घोर होता. तबक खाली ठेवलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा छाती हलकी झाली. फादरांनी मला मुद्दाम निवडलं की मी हाताशी होते म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. मागे वळले तर जाऊ दारात उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. आता भांडण होणार असं मी धरून चालले.

सोमवारी तिनं मला चुलीपासून मांडवात बोलावलं आणि हळदीची वाटी पुढे केली. "देवाला ओवाळलंस, मंग पोराला लावाया काय लाजतेस? घे. पन बेतानं चोपड, नायतर कामावर सगले हसतील त्याला."

एक म्हातारी आत्या उठून निघून गेली. बाकीच्या बसून राहिल्या. मी मुलाच्या दोन्ही गालांना हळद लावली. तो मान खाली घालून रडला. मी त्याला गप्प बस म्हटलं.

देवाचे मी आभार मानते. पण खरं सांगायचं तर हे मी त्याच्याकडे मागितलं नव्हतं. असं काही मागता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून काय द्यायचं ते मी त्याच्यावरच सोडते.