छतावरचं वरण

रंगारी शिडीवर चढला आणि स्वयंपाकघराच्या छताकडे बघून म्हणाला, "काका, हा पिवळा डाग कसला?"

"वरणाचा. कुकर उडाला होता."

तो हसला. मलाही हसू आलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून माझी बायको, सुमन, पाहुण्यांना टेबलाशी खिडकीकडे तोंड करूनच बसवायची. "इकडे बसा, वारा येतो," म्हणायची. वारा निमित्ताला, डाग त्यांच्या पाठीमागे राहावा, एवढंच तिला हवं असे. दर दिवाळीला ती छत रंगवायची आठवण करी आणि मी पुस्तकातून मान वर न करता "बघू" म्हणत असे.

ती गेली आणि मी तो डाग जपू लागलो. जेवताना वर बघत बसायचो. वर्ष सरता सरता वाटलं, गेलेल्या माणसाच्या खुणा आपण आपल्यासाठी ठेवतो. त्यातली एखादी त्याला पुसूनच टाकायची असते. म्हणून रंगाऱ्याला बोलावलं.

"हळद आहे, सारखी वर येते," तो कुरकुरला. तिसरा हात दिल्यावर छत एकसारखं पांढरं झालं.

मी चहा केला. तो खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसू लागला.

"तिथे नको. या बाजूला बसा, इथून छत दिसतं."

"माझंच काम मला दाखवता होय?" म्हणत तो बसला. मग हातात कप धरून आम्ही दोघंही बराच वेळ वर बघत राहिलो.