वाकलं की येणारा अंधार

कंडक्टरच्या नोकरीत भोळ्या माणसाचं निभत नाही. मांडीवर न मावणारं पोरगं "अजून पाच वर्षांचं व्हायचं हाये" असं सांगणाऱ्या आया मी वर्धा–सिंदी गाडीवर रोज पाहते. त्यामुळे संशय माझ्या हाडीमाशी खिळलाय. नवरा म्हणतो, "तू देवीलेही तिकीट मागशील." मी देवीची भक्त आहे, पण तो म्हणतो त्यात खोटं काही नाही. आता जे सांगणार आहे तेही मी आधी स्वतःलाच उलटसुलट विचारून पाहिलं आहे.

आम्ही वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेत राहतो. गल्लीच्या तोंडाशी मातामाय देवीचं लहानसं देऊळ आहे आणि मंगळवारी तिथं बायकांचं भजन असतं. नवरात्राच्या सुमारास माझं असं व्हायला लागलं की पायरीवर डोकं टेकवायला वाकले की डोळ्यांपुढे मिट्ट काळोख, आणि काही क्षणांनी पुन्हा उजेड. कानात सतत धप धप असा आवाज घुमायचा. सकाळी उठताना डोकं ठणकायचं ते वेगळंच. एकदा मी हे सहज बोलून गेले, तर भजन सांगणाऱ्या काकूंनी माझे पायच धरले. "तुह्यावर मायची किरपा झाली वो. कानात नाद, डोळ्यात समाधी! लोकाइले जन्मभर नाई भेटत हे." त्या दिवसापासून बायका मला पुढे बसवू लागल्या. घरची भांडणं घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मला आवडलं. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्या बाईला कुणी वाकून नमस्कार केला तर का नाही आवडणार?

पण मनात एक खुटखुट होतीच. देवळात वाकल्यावर येतो तोच काळोख सीटखाली गेलेलं नाणं उचलतानाही येत होता. मायची कृपा माझ्यावर व्हायची तर चिखलाने बरबटलेल्या गाडीत, लोकांच्या चपलांमध्ये कशाला होईल? मी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मायवर शंका घेतेस काय?" देवीवर शंका घेण्याची मलाही भीती वाटली. तिकिटाच्या मशीनवरचे आकडे पुसट दिसू लागले तेव्हा मी मशीनलाच दोष दिला.

अशात एक दिवस वर्ध्याहून एक म्हातारी गाडीत चढली. पंचाहत्तरीपुढच्या माणसांना तिकीट नसतं, कार्ड दाखवावं लागतं. तिनं ते उलटं धरून पुढे केलं. कार्ड दुसऱ्याच कुणाचं असेल या संशयानं मी फोटो आणि चेहरा दोनदा ताडून पाहिला. तेवढ्यात हातातलं नाणं खाली पडलं. वाकले आणि नेहमीसारखा काळोख झाला. दांडा घट्ट धरून मी तशीच थांबले.

"काऊन थांबली वो?" म्हातारी म्हणाली. "अंधारी आली काय?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय, आजी?"

"मले काई नाई करायचं. मले बी तुह्या वयात वाकलं का अंधारी येत जाय. कानात धपधप होये. गावानं म्हटलं, देवी आली. मी बी पाया पडून घेतलं साऱ्याइकडून. आता एक डोया पुरा गेला, दुसऱ्यानं सावली दिसते निसती. आजच दवाखान्यात जाजो."

माझ्या अंगावर काटा आला. पण संशयी मन कुठलं ऐकतंय! भजनातल्या कुणीतरी हिला माझ्याबद्दल सांगितलं असेल, मला मिळणारा मान कुणाला तरी खुपत असेल, असंच वाटलं. शेवटी मी दवाखान्यात गेले ती म्हातारीला खोटं पाडायलाच.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उजेड टाकून बराच वेळ आत पाहिलं. म्हणाल्या, डोळ्यामागच्या नसा सुजल्या आहेत. मेंदूचा फोटो काढला, गाठ नव्हती. मेंदूभोवती पाणी असतं आणि त्याचा दाब वाढलाय, असं त्यांनी समजावलं. वाकलं की डोळ्याच्या नसेवर आणखी ताण येतो, म्हणून अंधारी. माझं वाढलेलं वजनही त्याला कारण असू शकतं. पाठीच्या कण्यात सुई घालून दाब मोजायचा, थोडं पाणी काढायचं, मग गोळ्या. उशीर केला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

पाठीत सुई म्हटल्यावर मी खुर्चीवरून उठलेच. सुईनं माणूस लुळा होतो असं सगळ्यांकडून ऐकलं होतं. ही शिकाऊ डॉक्टर पोरं माझ्यावर हात साफ करून घेत असतील, असंही वाटलं. सहीला नकार देऊन मी निघाले. बरोबर आलेला नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." त्याच्या गरीब स्वभावाचाही मला राग आला. चपला घालायला वाकले आणि काळोख झाला. तो नेहमीसारखा गेला नाही. मी डोळे उघडे ठेवून वाट पाहत राहिले, तरी काहीच दिसेना. तेव्हा मी खरोखर घाबरले. आई, मला मान नको, समाधी नको, माझे डोळे ठेव, एवढंच मनात म्हणत होते. कुणीतरी म्हणालं, "ताई, हात द्या." हात कुणाचा, मला कुठं नेणार, काही न विचारता मी हात दिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

कुशीवर निजवून त्यांनी गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला लावली. सुई टोचली तेव्हा कळ आली, पण लुळंबिळं काही झालं नाही. पाणी निघत असताना कानातली धपधप हळूहळू कमी झाली आणि थांबली. मग शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती ते ऐकू आलं, बाहेर पाखरं बोलत होती तीही. काकू ज्याला नाद म्हणत होत्या तो बंद पडला, आणि मला मात्र त्या शांततेत माय जवळ बसल्यासारखी वाटली. हे मला पटवून देता येणार नाही, आणि कुणी पटवून घ्यावं असंही नाही.

गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात. वजन उतरवणं चालू आहे. डाव्या डोळ्याचा एक कोपरा कायमचा धूसर झाला, बाकी नजर हळूहळू परत आली. भजनात आता मी मागे बसते. शरण जाणं म्हणजे शंका सोडणं असं मी समजत होते, म्हणून माझ्या शंकेखोरपणाची मला लाज वाटे. आता वाटतं, सीटखालच्या नाण्याच्या वेळची ती शंकाही मायनंच दिली असेल, आणि सोडायची वेळ आली तेव्हा सोडवूनही तिनंच घेतली.

कामावर परतल्यावर म्हातारी पुन्हा भेटली. ती देवी वगैरे काही नव्हती. खिडकीच्या जागेसाठी एका कॉलेजच्या पोरीशी कडाकडा भांडत होती. "आजी" म्हणत मी पाया पडले. आवाजावरून तिनं ओळखलं.

"दिसते काय तुले?"

"दिसते, आजी."

"मंग सांग, आता काय हाये भाईर?"

पवनारचा पूल आला होता. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगत गेले: धाम नदीचं पाणी, त्यात उतरलेल्या म्हशी, पुढे फुटलेला कापूस. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. तिकिटं काढायची राहिली होती, लोक हाका मारत होते, पण सेलू येईपर्यंत मी काही उठले नाही.