अर्धी माळ

करमाडहून शहरात येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. आम्ही एकमेकींना नाव कधी विचारलंच नाही. बसल्याबरोबर ती मांडीवर डब्याचं झाकण ठेवायची, मणी घरंगळू नयेत म्हणून त्यात ओला रुमाल अंथरायची आणि शहागंजच्या बाजारातून आणलेले बारीक मणी सुईनं टिपायची. खड्डा आला की सुई ओठांत धरायची. "घरात चौदा माणसं. हात रिकामे राहतेत ते इथंच," असं म्हणायची, तेही हसत.

एकदा निळ्या-पिवळ्या मण्यांची माळ होत आली होती. माझ्या जिभेला हाड नाही, बोलून गेले, "काय सुंदर झालीय हो!" तिनं लगेच गाठ मारली आणि माळ माझ्या हातावर ठेवली. "घ्या ताई, घाला." नको नको म्हणत मी घेतलीच.

दुसऱ्या दिवशी ती नवी माळ ओवत होती. मी विचारलं, "तुमच्या गळ्यात कधी एखादी माळ दिसत नाही ती कशी?"

"पुरी झाली की कुणीतरी मागतंच बघा. नणंद, जाऊ, पोरगी. नाय कसं म्हणावं? अर्धी असली की कुणी मागत नाय. तेवढे दिवस ती माझी असती."

उस्मानपुऱ्याचा थांबा जवळ आला होता. मी गळ्यातली माळ काढली, तिच्याकडून सुई मागून घेतली आणि तिनं मारलेली गाठ सोडवायला बसले.