शिवप्पा आणि झोपलेलं कॉम्प्लिमेंट

रोज सकाळी शिवप्पा मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गढूळ नळीत गिनीपिगच्या रक्ताचा पिवळसर द्रव ओतत आणि नळीलाच विचारत, "उठलायस का रं?" पेशी फुटून पाणी स्वच्छ लाल झालं, की दिवसाचं काम सुरू. सोलापूरच्या त्या प्रयोगशाळेत मी नवा डॉक्टर होतो. मला वाटलं, उन्हानं या तंत्रज्ञाचं डोकं फिरलंय.

त्या द्रवात कॉम्प्लिमेंट असतं. "साहेब, ही रक्तातली झोपलेली माणसं," शिवप्पा सांगत. "अँटीबॉडीनं जंतू धरला की पहिला उठतो. तो चौथ्याला हलवतो, मग दुसऱ्याला. ते दोघं मिळून तिसऱ्याला." हा कसला क्रम, असं मी विचारलं, तर म्हणाले, नंबर घालणाऱ्यानं त्यांना कुठं विचारलं होतं? पुढचे पाच मिळून जंतूला भोक पाडत. काही जंतूंवर मात्र अँटीबॉडीशिवायच तिसरा कामाला लागतो. "काहींचं तोंड बघूनच झोप उडती की," असं म्हणताना ते माझ्याकडं बघत.

आमची उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी यावरच चाले. रुग्णाच्या रक्तात रोगाची अँटीबॉडी असली, की कॉम्प्लिमेंट तिथंच खर्ची पडे. मग अँटीबॉडी लावून ठेवलेल्या मेंढीच्या पेशी फोडायला काही उरत नसे. नळी गढूळ राहिली तर रोग.

एका मे महिन्यात शिवप्पा रजेवर होते. मी घाईत त्यांची सकाळची नळी वगळली. सगळे नमुने गढूळ निघाले. त्यात एक नरसय्याचा, अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागावरचा. होणाऱ्या सासऱ्याचे कुणीतरी कान भरले होते. रिपोर्ट चांगला आला तरच लग्न.

मी सह्या ठोकल्या. कागद बाहेर जाण्याआधी शिवप्पा परतले. त्यांनी ते चाळले आणि माझंच रक्त काढलं. थोड्या वेळानं माझी नळी समोर धरली. गढूळ.

"साहेब, तुमालाबी हाय. वहिनींना तुमी सांगता का मी सांगू?"

माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. मी खुर्चीत बसलो तेव्हा कुठं त्यांना हसू फुटलं. बर्फाची पेटी तापली होती, उष्णतेनं कॉम्प्लिमेंट निकामी झालं होतं. ताजा द्रव घेऊन आम्ही सगळं पुन्हा केलं. नरसय्याची नळी स्वच्छ लाल झाली. माझीही झाली, पण ती शिवप्पांनी मुद्दाम शेवटी दाखवली.

बाहेर नरसय्या आणि सासरा सकाळपासून बसून होते. उशिराचं खापर बर्फाच्या पेटीवर फोडू का, असं शिवप्पांनी हळूच विचारलं. मी नको म्हणालो आणि माझी चूक सासऱ्याला सांगून टाकली. त्यानं नवा रिपोर्ट उलटसुलट पाहिला, मग शिवप्पांकडं बोट केलं.

"ह्यांचीबी सही घ्या की."

तंत्रज्ञाला तो अधिकार नव्हता. मी पेन पुढं केलं. माझ्या सहीखाली शिवप्पांनी सावकाश कन्नडमध्ये नाव लिहिलं. सासऱ्याला कन्नड येत नव्हतं. त्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि नरसय्याला म्हणाला, "चला जावईबापू."