शेपूट लावलेलं बटाट्याचं पोतं

दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एडगर टफनेल सेंट ऑस्विनच्या चर्चमध्ये पाहुण्यांना फिरवायचा. बी-बियाण्यांचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्याला एवढंच काम उरलं होतं, आणि त्याच्या मते तेही त्याला धड जमत नव्हतं. मनोऱ्याला आठशे वर्षं झाली की नऊशे, हे तो समोरच्याचा चेहरा बघून ठरवी. नाक तुटलेल्या सरदाराच्या दगडी पुतळ्याबद्दल कुणी खोलात शिरलं, की त्याला नेमकी खोकल्याची उबळ येई.

फेरीच्या शेवटी मात्र त्याचा हुकमी एक्का असे. तिसऱ्या बाकाखालून तो गुडघे टेकायची एक उशी काढी. गावातल्या बायकांनी भरतकाम करून अशा साठ उशा दिल्या होत्या. कुठे कबुतर, कुठे गव्हाची ओंबी. हिच्यावर सिंह होता. आयाळ, जबडा, पुढचे पंजे असे, की आता गुरगुरेल. कमरेमागे मात्र सगळा आनंदीआनंद.

"पुढून बघा, वनराज," एडगर म्हणे. "आणि मागून? शेपूट लावलेलं बटाट्याचं पोतं! कुण्या गाढवाने भरलंय देव जाणे."

लोक पोट धरून हसत. ते गाढव आपणच, हे एडगर सतरा वर्षांत कुणाला बोलला नव्हता. सिंह सुरू केला होता त्याच्या बायकोने, ऑड्रीने. कमरेपर्यंत आला आणि तिची बोटं आखडली. उरलेला एडगरने पुरा केला, स्वयंपाकघराचे पडदे ओढून. बियाणेवाला टफनेल सुईदोरा घेऊन बसतो हे बाजारात कळलं असतं, तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. उशी पुरी झाली आणि त्याच वसंतात ऑड्री गेली.

यंदा चर्चमधले जुने बाक काढून खुर्च्या आणायचं ठरलं. निम्म्या उशा ठेवायच्या, निम्म्या उन्हाळी जत्रेत विकायच्या. विकायच्या यादीत पहिलीच सिंहाची. एडगरला दुसऱ्या कुणाला दोष द्यायचीही सोय नव्हती. त्या उशीला हसायला गावाला शिकवलं कोणी? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चर्चच्या बैठकीत उभं राहून 'ती उशी ठेवा' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तो उभा राहिलाही, आणि म्हणाला, "खिडकी लावू का? वारं येतंय."

मग त्याने ठरवलं, गुपचूप विकत घ्यायची. शनिवारी जत्रा सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी तो फाटकाशी हजर. उशांच्या टेबलामागे ग्लेनिस कॉथॉर्न होती. चर्चमध्ये फुलं मांडणारी, ऑड्रीची जिवाभावाची मैत्रीण, आणि गेली कित्येक वर्षं एडगरशी हवापाण्यापलीकडे न बोलणारी. का, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारणं बरं दिसलं नसतं.

उतावीळ दिसू नये म्हणून त्याने आधी चटणीची बरणी घेतली, मग तुकडे हरवलेलं चित्रकोडं, मग बाळाचं लोकरी टोपडं. सिंह कुठेच दिसेना.

"ती एक उशी होती ना... मांजरासारखं काहीतरी?"

"सिंह," ग्लेनिस म्हणाली. "माझ्या पिशवीत आहे. तुला मिळायची नाही."

"अगं, पैसे देतो की."

"कशाला? पुन्हा चारचौघांत नाचवायला?" तिचा आवाज चढला. शेजारच्या केकच्या टेबलाशी उभे असलेले सगळे वळून बघू लागले. "आखडलेल्या बोटांनी बिचारीने कसेबसे घातलेले ते टाके, आणि तू तिचा नवरा असून दर गुरुवारी तिला गाढव म्हणतोस! यादीत ती उशी मीच घातली. म्हटलं, एकदाची सुटू दे तुझ्या तावडीतून."

एडगरच्या हातातलं टोपडं टेबलावर पडलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण स्वतःला हसतोय. गावाला वाटत होतं, तो ऑड्रीला हसतोय. आणि एकाही माणसाने तोंडावर विचारलं नव्हतं.

"ग्लेनिस, मागचं धूड माझं आहे."

"म्हणजे?"

"सिंह तिचा. पोतं माझं. मी भरलं ते. आणि त्याला पोतंही तिनेच म्हटलं. रोज संध्याकाळी तिला दाखवायचो. पडल्या पडल्या म्हणायची, 'एडगर, अरे बटाट्याचं पोतं झालंय! शेपूट तरी लाव, नाहीतर कुणीतरी उकडून खाईल.' आणि इतकी हसायची..." त्याने पडलेल्या टोपड्याची घडी घातली. "ते म्हटलं की ती हसताना ऐकू येते मला. म्हणून म्हणतो. मूर्ख आहे मी."

"आहेसच," ग्लेनिस म्हणाली. रुमाल सापडेना म्हणून तिने त्या टोपड्यानेच डोळे पुसले आणि पिशवीतून उशी काढून त्याच्यापुढे धरली. "ने. यादी मी केली, मीच खोडते. आणि यापुढे नाव घेऊन सांग."

पुढच्या गुरुवारी एडगरने पाहुण्यांपुढे उशी धरली. "पुढचा सिंह ऑड्री टफनेलचा," तो म्हणाला, "आणि मागचं काम ज्या गाढवाचं, ते तुमच्यासमोर उभं आहे." लोक हसले. त्याने घसा खाकरला आणि उशी घाईघाईने खाली ठेवू लागला.

"एडगर!" फुलदाणीआडून ग्लेनिस ओरडली. "ऑड्री शेपटीबद्दल काय म्हणाली, ते सांग ना त्यांना!"