तिसऱ्या खांबाची भेग

पुलाच्या कामावर आमच्या ह्यांना सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण नदीकाठी आवाज लांबवर जातो. हे नाव क्रेनवाल्यानं ठेवलंय असं कळल्यावर हे रागावले नाहीत. थेट क्रेनखाली जाऊन उभे राहिले आणि विचारलं, “हे नाव कसं काय सुचलं तुला?” म्हणजे तिथंही चौकशीच!

आमचा छोटा स्टुडिओ आहे. दर्शनी भागात पासपोर्ट फोटोचं स्टूल आणि पडदा, पडद्यामागे मी आणि माझा कॉम्प्युटर. सव्वीस वर्षं आमची वाटणी ठरलेली आहे. फोटो ह्यांनी काढायचे आणि त्यातलं नको ते मी काढून टाकायचं. नवरीच्या हनुवटीवरचा फोड, सासऱ्याच्या सदऱ्यावरचा डाग, भिंतीवरची पाल. माझ्या हाताखालून गेलेला माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडतो, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा चांगलाच गर्व होता. मूळ फोटो ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. स्वतःचे फोड परत मागायला कोण येणार?

तर आमच्या ह्यांना पुलाचं काम मिळालं. दर शनिवारी बारा ठरलेल्या जागांवरून फोटो काढायचे, तारखेची पाटी धरून. यंत्रं, माणसं, काम किती वर आलं ते. तासाभराचं काम. हे सकाळी जात आणि चार वाजता चिखलानं माखून येत. आल्या आल्या चपला दारात नि तोंड सुरू. काँक्रीट ओतल्यावर ते आतून तापतं, हात लावला तर चटका बसेल इतकं, हे तुला माहीत होतं का? क्रेनवाला एवढा मोठा, पण तो फक्त एकाच माणसाच्या हाताचा इशारा मानतो, मोठ्या साहेबांनी हात हलवला तरी ढिम्म बसतो, हे माहीत होतं का? मला माहीत नव्हतं. मला भाजी करपायची काळजी होती. बारा फोटो मागितलेले असायचे आणि कार्डात दोनशे निघायचे. त्यात वेल्डरचे भोकं पडलेले हातमोजे, जमीन खोदणाऱ्या यंत्राचे झिजलेले दात, गज वाकवणाऱ्या बाईचा अंगठा. ह्यांना कुठलीही गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय जेवण जात नाही.

काँक्रीटच्या टोळीचा मुकादम ह्यांचा दोस्त झाला. अबोल माणूस. लांबून कामाला आलेला, घरचे सगळे गावी. ह्यांना दिवसभर विचारायचं असे आणि त्या माणसाला आयुष्यात कोणी काही विचारलेलं नव्हतं. दोघांचं जमलं यात नवल नाही.

एका शनिवारी तिसऱ्या खांबाच्या पायाच्या साच्याच्या फळ्या काढल्या. नदीत लोखंडी पत्रे ठोकून पाणी अडवलेलं, मध्ये कोरडा खड्डा आणि त्यात तो पाया. मुकादमाला डाव्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसली. त्यानं ती ह्यांना दाखवली, ह्यांनी फोटो काढला, मुकादमानं सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, सोमवारी बघू. हा गडी खड्ड्यात उतरतच नसे, वरूनच उंटावरून शेळ्या हाकणार. रविवारी नदी चढली आणि खड्डा पायाच्या माथ्यापर्यंत पाण्यानं, गाळानं भरला. सोमवारी सुपरवायझर म्हणाला, भेगबिग काही नव्हती. मग मुकादम सरळ मोठ्या इंजिनियर बाईंकडे गेला. पंप लावून खड्डा उपसायचा तर आठवडाभर काम बंद पडणार. बाई म्हणाल्या, “शनिवारचे फोटो आणा.”

फोटोत पाया लोण्यासारखा गुळगुळीत होता.

सुपरवायझरला तेच हवं होतं. ह्याच्या टोळीला सुट्टी हवी म्हणून कुभांड रचलंय, म्हणाला. मुकादमानं सामान बांधावं आणि शनिवारी जावं, असं ठरलं. त्यानंतर पायावर खांब चढणार होता.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते गप्प. चपला दारात, पण तोंड बंद. मी घाबरलेच.

“तिसऱ्या खांबाची भेग कुठे गेली?” ह्यांनी विचारलं.

“कुठली? ती डाव्या कोपऱ्यातली रेघ होय? काढली मी. फार चिवट होती हो, पाऊण तास गेला.”

मला वाटलं, शाबासकी मिळेल. हे गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मूळ फोटो बघावा, तर कार्ड रविवारीच पुसून एका लग्नाला नेलं होतं.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मला स्टुडिओचाच आला. “सांगा की कॅमेरा बिघडला होता,” मी म्हटलं.

“आणि मुकादमाला काय सांगू? तुझे डोळे बिघडले होते?”

मग ह्यांची मान वर झाली. “पाऊण तास लागला म्हणालीस. कशी होती ती? आठवते?”

“न आठवायला काय झालं? खालून सरळ वर जाते, मग गंजाच्या डागापाशी उजवीकडे वळते आणि वर तिला दोन फाटे.” आपण खोडलेली रेघ विसरत नाही. इंच इंच पुसावी लागते ना.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा पुलावर गेले. बाईंच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, भेग होती, मी पुसली, सवयीनं पुसली. मुकादम दारापाशी उभा होता. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

सुपरवायझर हसला. “दोस्ताच्या बायकोची साक्ष! उद्या सासूलाही आणतील.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ह्यांनी नेहमीच्याच सुरात बाईंना विचारलं, “मॅडम, ह्या दोघांनी ती भेग वेगवेगळी काढून दाखवली तर? मुकादमाची आणि हिची आजवर भेटच नाही.”

बाईंनी मला केबिनमध्येच कागद दिला. मुकादमाला गोदामात पाठवलं, बरोबर आपला माणूस दिला. त्यानं लोखंडी पत्र्यावर खडूनं काढली. मग तो पत्रा उचलून आणला आणि शेजारी माझा कागद धरला. तीच चढण, तेच वळण, तेच दोन फाटे. फक्त मुकादमाचा एक फाटा कोपऱ्यावरून पलीकडे गेला होता, माझा कोपऱ्यापाशी थांबला होता.

“हा पुढे का नाही?” बाईंनी मला विचारलं.

“फोटोत तेवढाच दिसत होता. पलीकडची बाजू कॅमेऱ्यात नव्हती.”

बाईंनी पत्रा खाली ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, “पंप लावा.” मग आमच्याकडे वळल्या. यापुढे कार्ड इथंच केबिनमध्ये द्यायचं, घरी न्यायचं नाही. पुलाच्या कामातून माझा हात कायमचा गेला. रास्तच होतं, तरी लागलं.

सहा दिवस पंप चालले. सातव्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. साडीचा पदर खोचून मी शिडीनं खड्ड्यात उतरले. वर नदी आणि खाली आपण. सुपरवायझरलाही त्या दिवशी उतरावंच लागलं. गाळ धुतला आणि कोपऱ्यात भेग दिसली. कोपऱ्यावरून पलीकडेही गेली होती, हातभर. बाईंनी तिथल्या तिथे खांबाचं काम थांबवलं. मुकादमाला म्हणाल्या, दुरुस्ती तुमच्या टोळीनंच करायची.

मी मुकादमासमोर हात जोडले. “भाऊ, चूक झाली. तुमच्यावर नको ते बालंट आलं.”

“तुमच्यावर राग नाही वहिनी,” तो म्हणाला. मग भेगेकडे बघत राहिला. “पण फोटो दाखवला ना, त्यात काहीच नव्हतं. त्या रात्री मी पण म्हणायला लागलो होतो, आपल्याला भासच झाला असेल. घरी फोन केला तर तसंच सांगितलं, मला भास झाला.”

मी रडले, तिथंच, सगळ्यांसमोर.

हे मात्र भेगेपाशी उकिडवे बसून मुकादमाला विचारत होते की अशी भेग आतून येते का बाहेरून. मग माझ्याकडे न बघताच फूटपट्टी पुढे केली, “ही धर जरा इथं, लांबी कळायला हवी.” मी धरली. फोटोत भेग आली, पट्टी आली आणि माझा चिखलानं भरलेला हातही आला.